सावित्रीबाई फुले : साथीच्या काळातील करुणा

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा आपणा सर्वांस ज्ञात आहे. परंतु ज्या कार्यात त्यांनी देह ठेवला, त्याचे स्मरण आपल्याकडून क्वचितच होते.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंतास त्यांनी दत्तक घेतले व डॉक्टर केले. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या अन्नछत्रांतून उपाशी बालकांना जेवू घातले. १८९० मध्ये जोतीराव गेले, तरी सावित्रीबाई थांबल्या नाहीत.

१८९६ साली मुंबईत उद्भवलेला प्लेग १८९७ मध्ये पुण्यात पसरला. सावित्रीबाईंनी यशवंतरावांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळील ससाणे मळ्यात, वस्तीबाहेर, दवाखाना सुरू केला. रुग्णास निरोगी माणसांपासून वेगळे ठेवणे व त्याच्यावर वैद्यकीय उपचार करणे या दोन्ही गोष्टी तेथे साधल्या. राहिला प्रश्न रुग्णाला तेथवर आणण्याचा. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलास प्लेग झाल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

रुग्णाला कोण उचलणार, हा प्रश्न आमच्या चाळीसगावला परका नाही. १९२९ साली येथील टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकण्यास नकार दिला. हाकण्याचा सराव नसलेल्या माणसाच्या हाती लगाम गेला, टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. वाहन होते, रस्ता होता. नव्हती ती माणुसकी.

१८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा लागू झाला. आज १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. तरीही त्या साथीत शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाण्यास आपले पाय अडखळले, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. रुग्णवाहिका, प्राणवायू व खाटा वाढल्याच पाहिजेत. पण रुग्णाला आपला मानणारे हातही तयार झाले पाहिजेत.

आजारी भिक्खूला स्वतः स्नान घालणाऱ्या तथागतांची करुणा सावित्रीबाईंच्या ठायी आम्हांस दिसते. या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वारसा पुढे न्यावा, हीच आमची अपेक्षा. क्रांतिज्योतीस विनम्र अभिवादन!