राजर्षी शाहू आणि शाळेची हजेरी

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड! पण नुसत्या दंडाने वर्ग भरत नाहीत, हे महाराज फार आधी ओळखून होते. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात राहणार कोठे, जेवणार काय? म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. अशी जातवार वसतिगृहे आज खटकतात खरी. परंतु तेव्हा एका पंगतीला बसणार कोण होते? १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवली. तीनच वर्षांनी, वयाच्या ४७ व्या वर्षी, महाराज मुंबईत निवर्तले.