लॉर्ड कॅमडेन : छापील शब्दाची बाजू घेणारा न्यायाधीश

समजा एखाद्याने सरकारवर टीका लिहिली आणि सरकारी माणसं त्याच्या घरात घुसून कपाटं उघडून सगळे कागद घेऊन गेली, तर? अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असं खरंच घडत होतं. त्याला कायद्याने अटकाव करणाऱ्या एका न्यायाधीशाची ओळख आज करून घेऊया.

त्यांचं नाव चार्ल्स प्रॅट. जन्म १७१४. वडील इंग्लंडचे मोठे न्यायाधीश होते. पण चार्ल्स लहान असतानाच ते वारले. ईटन आणि केंब्रिज येथे शिकून चार्ल्स वकील झाले. मात्र कित्येक वर्षं हाताला कामच नव्हतं. वकिली सोडून चर्चमध्ये जावं, असंही त्यांच्या मनात आलं होतं.

१७५२ मध्ये त्यांच्याकडे एक महत्त्वाचा खटला आला. विल्यम ओवेन या पुस्तकविक्रेत्याने संसदेवर टीका करणारी पुस्तिका छापली होती. तेव्हाची पद्धत अशी, की ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, फक्त "हे याने छापलं का" एवढंच सांगायचं. मजकूर गुन्हा आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवणार! प्रॅट यांनी मांडलं की दोन्ही गोष्टी ज्यूरीनेच ठरवायला हव्यात. ज्यूरीने ओवेनला निर्दोष सोडलं.

पुढे ते सरकारी वकील झाले, तेव्हा शेबेअर नावाच्या लेखकावर खटला त्यांनीच चालवला. हेही लक्षात ठेवा. १७६२ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले आणि खरी कसोटी लागली.

१७६३ मध्ये जॉन विल्क्स यांच्या 'नॉर्थ ब्रिटन' या पत्राच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका आली. मंत्र्याने वॉरंट काढलं, पण त्यात कुणाचंच नाव नव्हतं. लेखक, मुद्रक, प्रकाशक सापडतील तसे पकडा, असा हुकूम! चाळीसहून अधिक माणसं धरली गेली. विल्क्स खासदार होते, म्हणून प्रॅट यांच्या न्यायालयाने त्यांना सोडलं. नंतर मुद्रकांनी सरकारी माणसांवर दावे लावले आणि भरपाईही मिळवली.

१७६५ मध्ये प्रॅट लॉर्ड कॅमडेन झाले. त्याच वर्षी एन्टिक या लेखकाचा निकाल आला. त्याच्या घरात सरकारी माणसांनी चार तास झडती घेऊन कागद नेले होते. कॅमडेन यांनी निकाल दिला की असा अधिकार देणारा कायदाच नाही. म्हणून मंत्र्याचा हुकूम असला तरी ही घुसखोरीच आहे. या निकालाचा प्रभाव पुढे अमेरिकेच्या राज्यघटनेवरही पडला.

त्यानंतर ते लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे देशातले सर्वोच्च न्यायाधिकारी झाले. पण विल्क्स यांच्या निवडणुकीच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध बोलल्यामुळे १७७० मध्ये पद गेलं. ज्यूरीचा मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही. अखेर १७९२ मध्ये संसदेने कायदा केला : मजकूर गुन्हा आहे का, हे ज्यूरीच ठरवेल. तेव्हा कॅमडेन अठ्ठ्याहत्तरीत होते, तरी सभागृहात उभे राहून त्यांनी कायद्याची बाजू मांडली. १७९४ मध्ये त्यांचं निधन झालं.

तरुण वकिलाने मांडलेला मुद्दा कायदा व्हायला चाळीस वर्षं लागली. आणि गंमत पाहा, त्या कायद्याने अधिकार कमी झाला तो न्यायाधीशांचाच!

ज्यूरी असली म्हणजे न्याय मिळतोच, असं मात्र नाही. १९०८ मध्ये मुंबईत 'केसरी'तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर खटला चालला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं. म्हणजे नुसता कायदा पुरत नाही, तो चालवणारी माणसंही निर्भय आणि निःपक्षपाती हवीत. उद्या वर्तमानपत्र हातात घ्याल, तेव्हा याचा जरूर विचार करा.