पहिल्या मिनिटाचे गुण

डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार (१९०९-१९७४) न्यूयॉर्कमध्ये प्रसूतीच्या वेळी भूल देत. बाळ बाहेर आले, की सगळ्यांचे लक्ष आईकडे. निपचित बाळ पुष्कळदा तसेच पडून राही. १९५२ मध्ये त्यांनी पाच खुणा ठरवल्या : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि रंग. जन्मानंतर एका मिनिटाने प्रत्येकीला ० ते २ गुण. आता बाळाकडे कुणाला तरी बघावेच लागे. प्रसूती करणाऱ्यानेच गुण देऊ नयेत, असेही त्यांनी सांगितले. आपल्याच हातच्या बाळाला कमी गुण कोण देईल? रंगाची खूण बेभरवशाची, हेही त्यांनीच नोंदवले. पाचव्या मिनिटाचे गुण पुढे आले. बाळ रडलेच नाही, तर मात्र परिचारिका मिनिट मोजत बसत नाही. पुसून, पाठ चोळून, लागल्यास मास्कने श्वास देते.