कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि हक्काचे अनुदान

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी 15 ऑक्टोबर 1902 रोजी भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म झाला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि भूमिहीनांचा लढा यांमुळे कर्मवीर दादासाहेब हे नाव घरोघरी पोहोचले. त्यांच्या जीवनाची आणखी एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. समाजाच्या संस्थांना व विद्यार्थ्यांना सरकारी साहाय्य मिळावे, यासाठी त्यांनी केलेली चिकाटीची खटपट ही ती बाजू होय. वसतिगृहात वाढलेल्या आपणा सर्वांना ती जवळची वाटावी.

14 जून 1928 रोजी बाबासाहेबांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. माध्यमिक शाळेतील अस्पृश्य मुलांसाठी मुंबई सरकारने मंजूर केलेली पाच वसतिगृहे या संस्थेच्या हाती आली. नाशिकचे वसतिगृह त्यांपैकीच एक. सरकारी अनुदान वर्षाला 9,000 रुपये, आणि तेवढ्यात पाच वसतिगृहांचा खर्च भागणे शक्यच नव्हते. उरलेल्या रकमेसाठी बाबासाहेबांना दानशूर व्यक्तींची दारे ठोठवावी लागली. नाशिकमधील विद्यार्थी वसतिगृहाच्या कामात दादासाहेबांचाही हात होता. अनुदान म्हणजे काय, हे वसतिगृह चालविणाराच जाणतो. हजेरीपट चोख हवा, खर्चाची पावती हवी, हिशेब तपासून घ्यायला हवा. आणि हे सारे झाल्यावरही पैसा उशिराच येतो. मुलांना भूक मात्र रोजच लागते. किराणा दुकानदाराची उधारी हा आपल्या वसतिगृहांच्या इतिहासातील एक न लिहिलेला अध्याय आहे!

2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेले, तेव्हाही नाशिकची आघाडी दादासाहेबांनी ढळू दिली नाही. मंदिराचे दार काही उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. 1937 मध्ये दादासाहेब मुंबई विधिमंडळात निवडून गेले. रस्त्यावरच्या लढ्याइतकेच सभागृहातील काम त्यांनी निष्ठेने केले.

त्यांची खरी कसोटी लागली ती 1956 च्या धम्मदीक्षेनंतर. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित होत्या. 1956 मध्ये त्यांत शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नव्हे. काल ज्या मुलाला शिष्यवृत्ती मिळत होती, तो दीक्षा घेताच कागदावर अपात्र ठरू लागला. त्याची झोपडी तीच होती, गावकुसाबाहेरची वस्तीही तीच होती. धर्म लपवून सवलत घ्यावी की धर्म सांगून ती सोडावी, असा पेच कित्येक पालकांपुढे उभा राहिला. माझ्या मते त्या काळातील सर्वांत क्रूर प्रश्न हाच होता. 1957 ते 1962 लोकसभेत आणि त्यानंतर 1968 पर्यंत राज्यसभेत असलेल्या दादासाहेबांसमोर तो सतत उभा होता.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य निर्माण झाले आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. आपल्यापैकी अनेकांच्या शिक्षणाची वाट तेथून मोकळी झाली. केंद्राचा प्रश्न मात्र तसाच राहिला. म्हणून 1964 मध्ये रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दिलेल्या मागण्यांच्या सनदेत पडीक जमिनीच्या वाटपाबरोबर, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सर्व सवलती मिळाव्यात, ही मागणीही होती. 6 डिसेंबर 1964 पासून देशभर सत्याग्रह झाला व लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. नांगर धरणारी माणसे आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठीही तुरुंगात गेली, ही गोष्ट आपण विसरून चालणार नाही.

1968 मध्ये दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले. केंद्राने बौद्धांचा समावेश केला तो 1990 मध्ये. ते पाहण्यास ते हयात नव्हते.

आज अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची राज्य शासनाची योजना आहे. तिला दादासाहेबांचेच नाव आहे, आणि समाजकल्याण कार्यालयात तिचा अर्ज भरताना नवबौद्ध हा शब्द आता बिनदिक्कत लिहिता येतो.