केडगावच्या पंडिता रमाबाई

दौंड तालुक्यातलं केडगाव म्हटलं की मुक्ती मिशन आठवतं. शिरूरकडच्या बायकांनाही हे नाव नवं नाही. ते उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी अनाथ-विधवांना आसरा दिला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण मैत्रिणींनो, ही बाई हक्कासाठी सरकारशीही भांडली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. त्या आईनेच रमाला शिकवलं. दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली. भावाबरोबर पायपीट करत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांनी भाऊही गेला.

१८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. नवरा दुसऱ्या जातीचा, म्हणून १८७२ च्या कायद्याने नोंदणी करावी लागली. त्या कायद्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू नाही असं जाहीर करावं लागे! धर्म न सोडता असं लग्न करायची सोय १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने पक्की झाली. मुलगी मनोरमा वर्षाची व्हायच्या आत पती कॉलऱ्याने गेले. पदरी तान्ही पोर घेऊन रमाबाई पुण्यात आल्या आणि १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री-डॉक्टर मागितल्या.

१८८३ मध्ये इंग्लंडला जाऊन त्या ख्रिस्ती झाल्या. पुण्यात गदारोळ उठला. पण गंमत अशी, की तिथल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांशीही त्यांचं जमेना. आपल्या बुद्धीला पटेल तेच मानणार, हा त्यांचा हेका कायम राहिला. आज घटनेचं २५ वं कलम सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. त्यांना ते एकटीने मिळवावं लागलं.

१८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं, मग ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये मुलींना बाटवतात असा बोभाटा झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली घरी नेल्या. प्रार्थनेला बसायची सक्ती नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. मला मात्र पालकांची काळजी अगदीच खोटी वाटत नाही. आसऱ्याला आलेल्या पोरीची मर्जी कितीशी मोकळी असणार?

मग आलं १८९७ साल. मध्य प्रांतात दुष्काळ, पुण्यात प्लेग. दुष्काळातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यात ठेवता येईना, म्हणून रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर हलवलं. त्याच वर्षी सरकारने साथरोगांचा कायदा केला. सोल्जर घरात शिरून झडती घेत, बायकामाणसांनाही तपासत, संशय आला की छावणीत नेत. चांगल्या हेतूने केलं म्हटलं की अधिकाऱ्यावर दावाही लावता येत नसे. प्लेगच्या इस्पितळात बायकांची अब्रू सुरक्षित नाही, असं रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितलं. त्यांच्याच एका मुलीचा प्रश्न होता. गोष्ट थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात गेली. गव्हर्नर सॅंडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले, पण एका विधवेने सरकारला उत्तर द्यायला लावलं, हे काय कमी आहे? तोच कायदा २०२० च्या कोरोनातही वापरला गेला. फरक एवढाच, की १९५० पासून २१ वं कलम आहे आणि २२६ व्या कलमाखाली हायकोर्टात दाद मागता येते. रमाबाईंच्या हातात फक्त शाई होती.

केडगावात पुढे जवळपास दोन हजार बाया-मुली राहिल्या. शेती, विणकाम, छपाई शिकल्या. म्हातारपणी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठी बायबल करत बसल्या, ते छापायचं काम तिथल्याच बायकांनी केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच रमाबाईंनी डोळे मिटले.