बाबासाहेबांनी मुलांच्या हाती दिलेली हॉकीची काठी

बाबासाहेबांचे चरित्र सांगताना आम्ही बहुधा महाडहून थेट नागपूरकडे निघतो. मुलांच्या सोबतीचा त्यांनी केलेला विचार वाटेतच राहून जातो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या या मुलाला शाळेने सोबती दिला नाही. साताऱ्यात बसण्यासाठी घरून नेलेले गोणपाट होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी एकदा फळ्याशी बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे इतर मुलांनी धावत जाऊन हलविले. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसे. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचा स्नेह जडला. वयात तीस वर्षांचे अंतर, जात वेगळी. समान काय, तर वाचनाचे वेड! गुरुजी त्याला पुस्तके पुरवू लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. १९५६ च्या धम्मदीक्षेचा धडा आम्ही त्या बागेपासूनच सुरू करतो.

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात हायस्कुलाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. तेथील मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले आणि एक हॉकी क्लबही. तरुणांनी जुगार व दारूपासून दूर राहावे, हा त्यामागील हेतू. दारूविरुद्ध व्याख्याने देणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण संध्याकाळी या मुलांनी जायचे कोठे, हे पाहणारे विरळाच. १९२८ साली त्यांनी दलितवर्ग शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांपैकी एक पनवेलला, म्हणजे आमच्या अगदी जवळ होते.

न्हावा-शेव्याच्या आमच्या वसतिगृहात बंदरावरील कामगारांची मुले आहेत, तशी दूरच्या जिल्ह्यांतूनही आलेली आहेत. नव्या वर्षी ती जेवायलाही गावागावांनी वेगळी बसत. आम्ही बंधुतेवर प्रवचने दिली. पंगती तशाच राहिल्या. मग सोलापूर आठवून हस्तलिखित अंक काढायला सांगितले. अक्षर सुरेख असलेला मुलगा एका गावचा निघाला, चित्रे काढणारा दुसऱ्या, आणि दौत सांडणारे दोघे तिसऱ्या. अंक महिनाभर लांबला. त्या महिन्यात ती चौघे एकाच ताटाभोवती भांडताना आम्ही पाहिली.