विश्लेषण : आइन्स्टाइन यांनी अखेरची शस्त्रक्रिया का नाकारली?

अल्बर्ट आइन्स्टाइन म्हटले की सापेक्षतावाद आठवतो. त्यांचा मृत्यू मात्र पोटातील महाधमनी फुटल्याने झाला. शस्त्रक्रियेचा पर्याय होता. तो त्यांनी स्वतः नाकारला.

आजार काय होता?

जर्मनीतील उल्म येथे १४ मार्च १८७९ रोजी जन्मलेले आइन्स्टाइन नाझी सत्तेवर आल्यानंतर १९३३ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टनला स्थायिक झाले. त्यांना अनेक वर्षे पोटदुखी आणि उलट्यांचा त्रास होता. डिसेंबर १९४८ मध्ये ब्रुकलिन ज्यूइश हॉस्पिटलमध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी पोट उघडून पाहिले, तेव्हा महाधमनीला ग्रेपफ्रूटएवढा, म्हणजे मोसंबीहून मोठा फुगवटा आढळला. एरवी या धमनीचा व्यास सुमारे २ सेंटीमीटर असतो. अशा फुगवट्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. सायकलची ट्यूब एका जागी फुगली की तीच जागा आणखी ताणली जाते. येथेही व्यास वाढतो तसा भिंतीवरील ताण वाढतो आणि धमनी फुटण्याचा धोकाही.

सेलोफेन कशासाठी?

पोटातील महाधमनीचा फुगलेला भाग काढून तेथे दुसरी धमनी जोडण्याची शस्त्रक्रिया तेव्हा कोणी केलेली नव्हती. त्यामुळे निसेन यांनी फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळले. शरीर या परक्या वस्तूभोवती कठीण आवरण तयार करते आणि पातळ झालेल्या भिंतीला आधार मिळतो. नाझी राजवटीमुळे निसेन यांनाही १९३३ मध्येच जर्मनी सोडावी लागली होती.

या उपायानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. १९५२ मध्ये त्यांनी इस्रायलचे अध्यक्षपद नाकारले. मृत्यूच्या आठवडाभर आधी त्यांनी बर्ट्रांड रसेल यांच्यासह अण्वस्त्रविरोधी जाहीरनाम्यावर सही केली.

शेवटी काय घडले?

एप्रिल १९५५ मध्ये फुगवट्यातून रक्तस्राव सुरू झाला. दरम्यान, १९५१ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी मृत दात्याची धमनी जोडून अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. न्यूयॉर्कचे सर्जन फ्रँक ग्लेन यांनी आइन्स्टाइन यांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. पण कृत्रिमरीत्या आयुष्य लांबवणे त्यांना मान्य नव्हते. रुग्णालयात त्यांनी चष्मा आणि गणिताचे कागद मागवून घेतले. १८ एप्रिलला पहाटेपूर्वीच ७६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज काय बदलले?

हा फुगवटा आता साध्या सोनोग्राफीत दिसतो. पुरुषांमध्ये तो साधारण ५.५ सेंटीमीटरपर्यंत वाढला की फुटण्याआधीच उपचार सुचवले जातात. अनेकदा पोट न उघडता जांघेतील धमनीतून स्टेंट बसवता येतो. त्यामुळे आइन्स्टाइन यांच्यासमोर अगदी शेवटच्या दिवसांत आलेला निर्णय आज रुग्णाला वेळ हाताशी असताना घेता येतो.